खालची चार बोटं

नागपंचमीला ज्या फांदीला झोका बांधायचा, ती फांदी वीस वर्षांनी गावी गेल्यावरही तेवढ्याच उंचीवर सापडते. झाड दुपटीने वाढलेलं असतं, शेंडा बघायला मान मागे टाकावी लागते, पण ती फांदी बोटभरही वर सरकलेली नसते. कुंपणाची तार अडकवायला कुणी खोडात ठोकलेला खिळाही तिथेच असतो. तो सालीत बुडतो, दिसेनासा होतो, पण वर चढत नाही.

कारण झाड खालून वर ढकललं जात नाही, ते फक्त टोकांना लांब होतं. प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर, जेमतेम दिसेल एवढ्या कोंबात, पेशी सतत विभागत असतात. त्यांच्या लगेच खालचा कोवळा भाग ताणून लांब होतो, आणि तो एकदा लाकूड झाला की त्याची लांबी कायमची ठरली. दोन पानांमधलं पेर आज दोन इंच असेल तर शंभर वर्षांनीही दोनच इंच राहील. ते जाड होईल, लांब होणार नाही.

नर्सरीतून एक साधं रोप आणून त्याचं बोन्साय घडवायचं असेल, तर सगळी निवड या एका गोष्टीवर उभी आहे. शेंडा कापता येतो, नवा काढता येतो. फांद्या तारेने वळवता येतात. पानं लहान करता येतात. पण मातीलगतची चार बोटं, जिथे मुळं संपून खोड सुरू होतं, ती जागा जशी मिळेल तिच्यावरच पुढचं सगळं झाड उभं राहणार. म्हणून जाणते बोन्सायवाले नर्सरीत शिरले की आधी उकिडवे बसतात. फुलं, पालवी, उंची हे सगळं त्यानंतर.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बोन्सायची वेगळी, खुजी जात नसते. ट्रेमध्ये वीतभर उंचीचा वड आणि गावाच्या पारावर सावली धरून उभा असलेला वड यांचं बी एकच. ट्रेमधला वड काढून शेताच्या बांधावर लावा, काही वर्षांत तो खराखुरा वड होऊन जाईल. मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही वाटते की झाडाला ठरलेलं माप नसतं. प्राण्याच्या शरीरात एक हृदय, दोन डोळे, सगळं मोजून दिलेलं असतं. झाड मात्र एकाच घटकाच्या पुनरावृत्तीतून उभं राहतं: एक पान, एक पेर, पानाच्या बगलेत एक डोळा. हे घटक लाखांनी असले तरी ते झाड पूर्ण, आणि दोनशे असले तरी पूर्ण. वीतभर चिंचेला फुलोरा येतो तो याच कारणाने.

आपल्याकडे निसर्ग हा प्रयोग उघड्यावर करत असतो. किल्ल्याच्या तटात, देवळाच्या शिखरावर, जुन्या वाड्याच्या पागोळीशी पिंपळ उगवलेला कुणी पाहिला नाही? बुलबुल, मैना, कोकीळ वड-पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी फटीत पडतं, आणि मूठभर चुन्यामातीवर ते रोप तग धरतं. वर्षानुवर्षं ते हातभर उंचीचं राहतं, पण त्याचा बुंधा मनगटाएवढा होतो. या कुळातली काही रोपं लहानपणी मुळाशी फुगीर असतात, कारण फटीत पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यासाठी साठा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर घरमालक अशी रोपं भिंतीला तडा जाऊ नये म्हणून उपटून फेकतात. बोन्सायवाले ती पाया पडून मागून घेतात.

पण प्रत्येकाच्या नशिबी असा वाडा नसतो, नर्सरी मात्र सगळीकडे असते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की उरुळी कांचनच्या आसपास दोन्ही बाजूंना नर्सऱ्या लागतात. पुढच्या रांगेत गिऱ्हाइकाला हवी तशी रोपं असतात, सरळसोट, तुकतुकीत, बांबूच्या काठीला बांधलेली. फाटकाशी लावायला ती उत्तमच. बोन्सायसाठी मागच्या रांगेत जावं. दोन-तीन पावसाळे विकली न गेलेली, पिशवी फाटलेली, एका अंगाला कललेली, शेळीने शेंडा खाल्लेली रोपं तिथे पडून असतात. कललेल्या रोपाने उजेडाकडे पुन्हा मान उचललेली असते, त्यामुळे खोडाला तळाशीच एक सुंदर वळण आलेलं असतं. हे वळण पुढे तारेने देता येत नाही. बुंधा अंगठ्याएवढा झाला की तो वाकायला तयार नसतो.

त्या रांगेतल्या काही पिशव्या उचलायला गेलं तर उचलल्याच जात नाहीत. तळाच्या भोकातून एखादं मूळ बाहेर पडून जमिनीत शिरलेलं असतं. शेजारच्या रोपाचं आणि याचं वय एकच, पण याचा बुंधा बघावा तर कितीतरी जाड. हे असं का होतं ते समजलं की बोन्सायचं निम्मं शास्त्र हाती येतं.

साल सोलली की लाकडावर जो ओला, बुळबुळीत पदर लागतो, तिथे पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. हा थर आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साखर वाहणाऱ्या नळ्या घडवत राहतो, आणि खोड जाड होतं ते केवळ त्याच्यामुळे. नारळ, सुपारी, बांबू यांच्यात हा थरच नाही, म्हणून त्यांच्यापासून खऱ्या अर्थाने बोन्साय होत नाही. कॅम्बियमला काम करायला साखर लागते, साखर पानं बनवतात, आणि भरपूर पानं तेव्हाच येतात जेव्हा मुळांना मोकळी माती मिळते. जमिनीत घुसलेल्या त्या एका चोरट्या मुळाने वरती पानांचा डोंगर उभा केला, पानांनी साखर खाली पाठवली, आणि त्या साखरेचं लाकूड झालं.

लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत लिहून ठेवलं आहे की झाडाच्या कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या बुंध्याएवढी भरते. बोन्सायवाले ही गोष्ट रोज वापरतात. बुंधा जाड हवा असेल तर तळाजवळची एक फांदी ते मुद्दाम मोकाट सोडतात. तिला हात लावत नाहीत. ती दोन-तीन हात लांब होते, बेढब दिसते, आणि ती जिथून फुटली आहे त्याच्या खालचं खोड फुगत जातं. काम झालं की ती खोडालगत कापून टाकायची. छोट्या झाडाच्या देखण्या बुंध्यामागे अशा कितीतरी फांद्या खर्ची पडलेल्या असतात, आणि त्यांची फक्त पुसट वळी सालीवर उरते.

यावरून दुसरी गोष्ट आपोआप निघते. रोप घरी आणल्या आणल्या उथळ ट्रेमध्ये बसवलं तर बुंध्याची जाडी जवळजवळ तिथेच थांबते. ट्रे ही सुरुवात नाही, शेवटची पायरी आहे. आधी मोठी कुंडी किंवा शक्य असेल तर जमीन, भरपूर ऊन, भरपूर खत, आणि वर्षं. नर्सरीत पेन्सिलीएवढ्या खोडाची रोपं चिनी मातीच्या छोट्या ट्रेमध्ये लावून बोन्साय म्हणून विकली जातात. ती गोड दिसतात, पण त्यांचं बालपणच संपवून टाकलेलं असतं.

काठीला बांधलेल्या रोपाबद्दलही सांगायला हवं. 1973 मध्ये मार्क जॅफे या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की खोडाला रोज नुसतं हलकेच चोळलं तरी अनेक रोपांची वाढ आखूड होते. झाडाला स्पर्श कळतो, आणि तो त्याच्या आकारात उतरतो. वाऱ्याने रोप डोलतं तेव्हा सगळा ताण बुंध्याशी येतो आणि तिथे जास्त लाकूड घातलं जातं. काठीला घट्ट जखडलेल्या रोपाला डोलताच येत नाही, मग त्याचं खोड तळापासून शेंड्यापर्यंत एकाच जाडीचं राहतं. आपल्याला हवं असतं ते खाली रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं खोड. वीतभर झाड मोठं भासतं ते या उतरत्या जाडीमुळे, कारण मोठ्या झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की खोड असंच निमुळतं होताना दिसतं.

आता माती. पिशवीच्या तोंडाशी दिसणारा बुंधा हा बहुतेक वेळा खरा बुंधा नसतो. रोप लहान पिशवीतून मोठीत हलवताना ते जरा खोल बसवतात, वरून लाल माती ओततात. दोन-तीनदा असं झालं की खरी मुळं तीन-चार बोटं खाली गाडली जातात. नर्सरीवाल्याला विचारून काडीने वरची माती अलगद बाजूला सारावी. हा क्षण मला फार आवडतो. काठीसारखं वाटणारं खोड खाली जाता जाता अचानक रुंदावतं, आणि मुळं बाहेर डोकावतात. कधी ती एकाच बाजूला असतात, कधी एकावर एक चढलेली, कधी एकच जाड मूळ आणि बाकी शून्य. पण शंभरात एखादं रोप असं निघतं की मुळं चारी बाजूंना, साधारण एकाच पातळीवर, माती धरून पसरलेली असतात. जपानी माणसं या पसाऱ्याला नेबारी म्हणतात, आणि झाड जोखताना त्यांची नजर पहिली तिथे जाते. जुन्या चिंचेखाली, पारावरच्या वडाखाली आपण सगळे बसलेलो असतो. वर आलेली, जमीन कवटाळून बसलेली मुळं आपल्या डोळ्यांच्या ओळखीची असतात, म्हणून तीच लहान रूपात दिसली की मन त्या झाडाला वय देऊन मोकळं होतं.

पिशवीच्या आत गोल गोल फिरलेली मुळं दिसली तर बारकाईने बघावं. पातळ असतील तर कापून सोडवता येतात. पण एखादं मूळ बुंध्यालाच वेढा घालून बसलं असेल तर ते रोप ठेवून द्यावं. पुढे बुंधाही जाड होणार, मूळही जाड होणार, आणि दोन्ही एकमेकांना आवळणार.

मुळांवरून रोपाचा जन्मही ओळखता येतो. बियांपासून आलेल्या रोपाला सोटमूळ असतं, खाली सरळ घुसलेलं. ते टप्प्याटप्प्याने आखूड करत आणावं लागतं. फाटे कलमाचं, म्हणजे नुसती फांदी खोचून केलेलं रोप असेल तर सोटमूळ नसतंच, कापलेल्या टोकाभोवती मुळं फुटलेली असतात. बोन्सायला हे बरं पडतं. डाळिंबाची रोपं आपल्याकडे बहुतेक गुटी कलमाची असतात, त्यांची मुळं एका कड्यातून निघालेली दिसतात. आंब्याच्या कोय कलमाला आणि चिकूच्या कलमाला मात्र जोड असतो. चिकू रायणीच्या खुंटावर बांधतात. वरचं झाड वेगळं, खालचं वेगळं, दोघांची साल वेगळी, जाड होण्याचा वेग वेगळा, आणि जोड नेमका त्या चार बोटांत किंवा त्याच्या जरा वर. बागेसाठी ही कलमं फार मोलाची आहेत, बोन्सायसाठी तो जोड आयुष्यभर डोळ्यात खुपतो. बटाट्यासारख्या फुगीर मुळांची, जिन्सेंग नावाने विकली जाणारी फायकसची, म्हणजे वड-पिंपळाच्या जातकुळीतली, रोपंही बरेचदा अशीच जोडलेली असतात. मुळं एका रोपाची, वर चिकटवलेल्या डहाळ्या दुसऱ्याच्या.

तळ मनासारखा मिळाला की मग वर बघायचं, आणि वर बघताना पुन्हा विचारायचं की यातलं काय कापता येईल. नवख्या माणसाचा हात इथे थांबतो. तीन फुटी हिरवंगार रोप विकत घेऊन ते सहा इंचांवर कापायचं, हे जिवावर येतं. पण शेळीने शेंडा खाल्लेलं रोप आठवावं. शेंडा गेल्यावर त्याने काय केलं? खाली डझनभर फांद्या काढल्या. त्या आल्या कुठून?

त्या आधीपासून तिथेच होत्या. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, आणि शेंडा त्याला झोपवून ठेवतो. हे कसं होतं याचा शोध मोठा रंजक आहे. 1880 मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांची टोकं झाकून पाहिली. टोक झाकलं की अंकुर उजेडाकडे वळेना, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात होता. 1928 मध्ये फ्रिट्स वेंट या डच तरुणाने कापलेली टोकं अगरच्या चकत्यांवर ठेवली आणि तो निरोप चकत्यांमध्ये उतरवून घेतला. तेच ऑक्सिन. पुढे कळलं की शेंड्यातून खाली झिरपणारं ऑक्सिन बगलेतल्या डोळ्यांना दबून राहायला लावतं. 2008 मध्ये या कामात आणखी एका प्रकारची संप्रेरकं सामील असल्याचं समजलं, आणि 2014 मध्ये असं दिसून आलं की शेंडा कापल्यावर डोळे जागे होतात ते आधी साखरेमुळे. शेंडा सगळी साखर ओढून घेत होता, तो गेला आणि खालच्यांच्या वाट्याला ती आली.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे पान गळून गेलं, त्यावर साल चढली, बुंधा मनगटाएवढा झाला, तरी त्यातले बरेच डोळे मरत नाहीत. खोड जाड होताना ते सालीच्या कडेकडेने बाहेर सरकत राहतात आणि वर्षानुवर्षं वाट बघतात. वड, पिंपळ, उंबर, कुंती, बोगनवेल यांचा निबर खुंट कापला तरी त्यावर लालसर-हिरवे ठिपके उगवतात, आणि पंधरा दिवसांत त्यांच्या फांद्या होतात. म्हणून नर्सरीत खोडाच्या खालच्या भागावर पानांचे जुने व्रण शोधावेत. व्रण जवळजवळ असतील तर फांदी हवी तिथे मिळण्याची शक्यता जास्त. दोन व्रणांत लांबलचक मोकळं पेर असेल तर त्या मोकळ्या जागेत सहसा काही फुटणार नाही, आणि आपण सुरुवातीला पाहिलं तसं ते पेर आखूडही होणार नाही.

सगळी झाडं एवढी उदार नसतात. जुनिपर आणि मोरपंखी यांची फांदी जिथे हिरवं काहीच उरलेलं नाही तिथपर्यंत मागे कापली, तर ती सहसा पुन्हा फुटत नाही. म्हणून आपल्या हवेत पहिलं रोप जुनिपरचं घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. चित्रांत ते फार मोहक दिसतं, पण सपाटीवरचा उन्हाळा त्याला मानवत नाही आणि चुकीला ते क्षमा करत नाही. बारीक पानांचं फायकस घ्यावं, कुंती घ्यावी. कुंतीचं लाकूड कठीण, साल फिकट, पानं आधीच छोटी, आणि फुललं की अंगणभर वास. जेडही घरोघरी असतो. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं झाड, आणि नर्सरीत जेड म्हणून मिळणाऱ्या दोन वनस्पतींपैकी बारीक पानांची जी आहे, ती तिथे हत्ती आवडीने खातात. हत्ती वरून ओरबाडतात, तुटलेल्या फांद्या जमिनीवर पडून पुन्हा मूळ धरतात. ज्याने हत्तींच्या सोंडेखाली दिवस काढले, त्याला आपल्या कात्रीचं काय भय?

पानांबद्दल एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पान लहान होतं, फूल आणि फळ लहान होत नाही. फांद्यांना फाटे, त्या फाट्यांना फाटे असं करत गेलं की टोकांची संख्या वाढते, प्रत्येक टोकाच्या वाट्याला पाणी आणि साखर कमी येते, आणि पान आटोपशीर होतं. वडाचं तळहाताएवढं पान दोन-तीन इंचांवर येतं. पण भगवा जातीच्या डाळिंबाच्या बोन्सायला फळ धरलं तर ते बाजारात मिळतं तेवढंच व्हायला बघतं, आणि काडीएवढी फांदी मोडायला येते. डाळिंबाची शोभेची एक बुटकी जात मिळते, तिची फळंच लिंबाएवढी असतात. हौस असेल तर ती घ्यावी. चिंचेचं तर विचारूच नका. तिचं पान म्हणजे बारीक पर्णिकांची पिसं, त्यामुळे झाड आपोआप मोठ्या झाडाची लहान प्रत वाटतं, आणि संध्याकाळ झाली की ट्रेमधली चिंचही पर्णिका मिटून घेते. सुरूच्या ज्या हिरव्या सुया दिसतात त्या मुळात पानं नाहीतच, त्या नाजूक डहाळ्या आहेत. भिंग लावून पाहिलं तर त्यांच्या प्रत्येक सांध्यावर खऱ्या पानांचं बारीकसं दातेरी कडं दिसतं.

जे रोप आपण हाती धरतो त्याला पुढे किती काळ मिळू शकतो, याचं एक उदाहरण वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात आहे. जपानमधल्या हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने जपलेलं ते पांढऱ्या पाइनचं झाड 1625 पासून घडवलं जातंय. त्या साली शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा हे झाड स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकींच्या अंगणातल्या भिंतीमागे होतं. ते वाचलं. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी अमेरिकेला दिलेल्या जपानी भेटीत ते झाड पाठवलं, आणि त्यामागची कहाणी संग्रहालयाला कळली ती 2001 मध्ये, यामाकींचे नातू ते झाड बघायला आले तेव्हा. त्याच संग्रहालयात जॉन नाका या जपानी-अमेरिकन कलावंताचं अकरा जुनिपरांचं छोटं रान आहे, गोशिन नावाचं. त्यातल्या पहिल्या दोन झाडांवर नाकांनी 1948 मध्ये काम सुरू केलं आणि 1984 मध्ये ते रान संग्रहालयाला दिलं. एका माणसाच्या उमेदीची सगळी वर्षं त्यात आहेत.

इतकी वर्षं झाडाला उपाशी ठेवून, छळून निघत नाहीत. बोन्साय म्हणजे क्रूरपणा असं म्हणणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मनातल्या कळवळ्याचा मला आदर आहे. पण उपाशी झाड वाळतं, ते चारशे वर्षं जगत नाही. ट्रेमधल्या झाडाला वेळेवर पाणी, खत, ऊन द्यावं लागतं, दर दोन-तीन वर्षांनी जुनी मुळं छाटून नवी माती द्यावी लागते. तिथे नवी, कोवळी मुळं फुटतात, आणि झाड आतून तरुण राहतं. अंगणातल्या आंब्याकडे कुणी इतकं लक्ष देतं का?

घरी आणलेल्या रोपावर पहिल्याच दिवशी तुटून पडू नये. आठ-पंधरा दिवस ते आपल्या गच्चीवरच्या उन्हाला, वाऱ्याला सरावू द्यावं. मुळांना हात लावायचा तो आपल्या हवेत मृगाचा पाऊस पडून गेल्यावर. हवेत ओल असते, पानांतून पाणी कमी उडतं, आणि कापलेली मुळं लवकर सावरतात. एका वेळी एकच मोठी शस्त्रक्रिया करावी. या मोसमात शेंडा कापला तर मुळं पुढच्या मोसमात. माती पाणी धरणारी पण तुंबू न देणारी हवी. विटांचा जाडसर चुरा, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत, एवढ्यावर आपल्याकडे कित्येकांची झाडं उत्तम वाढली आहेत. तार गुंडाळली असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघावी. त्या दिवसांत फायकस इतक्या झपाट्याने जाड होतं की तार सालीत रुतते, आणि तो व्रण वर्षानुवर्षं जात नाही.

आता समजा वरचं झाड अप्रतिम मिळालं, खोडाला सुरेख वळण, फांद्या हव्या तिथे, पण मुळं एकाच बाजूला किंवा तळाला लांबच लांब सरळ काठी. खालची चार बोटं बदलत नाहीत असं मी म्हटलं. पण ती दुसरीकडे नव्याने करता येतात, आणि डाळिंबाच्या बागायतदारांना गुटी कलमाची ही युक्ती पाठ आहे. जिथे नवा बुंधा हवा तिथे खोडाभोवतीची अंगठ्याच्या रुंदीची साल कड्यासारखी काढायची आणि लाकडावरचा तो बुळबुळीत पदर चाकूने नीट खरवडून टाकायचा, नाहीतर जखम पुन्हा जुळून येते. मग ओलं शेवाळ दाबून बसवायचं, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं बांधायची. मुळांकडून येणारं पाणी लाकडातून वर जातं, त्याला या जखमेने काहीच अडथळा होत नाही, म्हणून वरची पानं टवटवीत राहतात. पण पानांकडून खाली निघालेली साखर आणि ऑक्सिन सालीतून येतं, आणि साल तर तुटलेली. दोन्ही जखमेच्या वरच्या काठाशी साचतात. तिथल्या पेशी, ज्या आजवर खोड होत्या, मूळ होऊ लागतात. पावसाळ्यात फायकसला महिना-दीड महिन्यात प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसतात, आणि ती सगळ्या बाजूंनी, एकाच पातळीवर फुटलेली असतात, कारण काठ गोल होता. ती तपकिरी होऊन फाटे फुटू लागली की त्यांच्या खाली खोड करवतीने कापायचं आणि वरचं झाड शेवाळासकट कुंडीत लावायचं. खाली पिशवीत उरलेला खुंट फेकू नये. त्याचे डोळे शाबूत आहेत, शेंडा गेला आहे, आणि आठ-पंधरा दिवसांत तोही फुटायला लागतो.